तीन हजारांच्या आत ट्रेकचं सामान: सुरी कुठली घ्यायची, आणि सुरीआधी काय घ्यायचं

ऑनलाइन 'सर्व्हायव्हल नाइफ' शोधलं की दहा-दहा इंचांची काळी पाती समोर येतात. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाशी होकायंत्र, मुठीच्या पोकळीत मासे धरायचा गळ. शनिवारी रात्री कसारा किंवा कर्जत लोकल पकडून रविवारी संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला यातलं काहीही लागत नाही. सह्याद्रीत सुरीची कामं ठरलेली असतात: कांदा-काकडी चिरणं, दोरी तोडणं, बँडेज आणि चिकटपट्टी कापणं, फार तर ओल्या काडीची साल काढून आतला कोरडा गाभा मोकळा करणं. त्याला ३ ते ४ इंचांचं पातं पुरतं.

माणसं अडकतात ती सुरी नव्हती म्हणून नाही. अंधार पडतो आणि टॉर्च नसतो, पाणी संपतं, कपडे भिजून वाऱ्याने थंडी भरते, धुक्यात पठारावर वाट चुकते, घसाऱ्यावर पाय मुरगळतो. म्हणून हाताशी तीन हजार असतील तर सुरी आणि तिच्या धारेचा दगड मिळून पाचशेच्या आत बसवा. बाकीचे पैसे उजेड, आडोसा, पाणी आणि प्रथमोपचार यांवर जाऊ द्या.

खरेदीआधी कायदा

शस्त्र नियमांत तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला ९ इंचांपेक्षा लांब (सुमारे २३ सेंमी) किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी आणि शेतातला कोयता एका बाजूला, दहा इंची 'कमांडो' सुरी दुसऱ्या बाजूला. ती दहा इंची सुरी भाजी चिरायला नेतोय, हे नाकाबंदीवरच्या हवालदाराला पटवणं कठीण आहे.

मुंबईत यावर आणखी एक थर चढतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तालय वेळोवेळी मनाई आदेश काढतं, आणि तो लागू असताना सार्वजनिक ठिकाणी सुऱ्या, काठ्या, शस्त्रं बाळगायला बंदी असते. सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या दिवसांत निघण्याआधी बातम्यांवर नजर टाका.

ट्रेकर मंडळी सर्रास विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरायला मनाई आहे. आता मुंबईकरांच्या आवडत्या जागा आठवा: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, तुंगारेश्वर, तानसा, फणसाड, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. सगळी संरक्षित क्षेत्रं. इथे जाताना भाजी घरीच चिरून डब्यात न्या, सुरी घरी ठेवा आणि प्रथमोपचाराच्या पाकिटात बोथट टोकाची छोटी कात्री ठेवा. बँडेजचं काम ती सुरीपेक्षा चांगलं करते.

जिथे सुरी न्यायला हरकत नाही तिथेही ती प्रवासात कमरेला किंवा खिशात नको. म्यानात घालून सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवा. मेट्रोच्या तपासणीत सुरी अडते, त्यामुळे घाटकोपर-अंधेरीचा टप्पा असेल तर रिक्षा किंवा बस धरा. हिमालयाच्या ट्रेकला विमानाने जाताना सुरी चेक-इन सामानात आणि पॉवर बँक केबिनमध्ये जाते. लायटर आणि काडेपेटी तिकडे पोचल्यावर घ्या.

सुरी: शंभर रुपयांपासून

पहिल्यांदा घेणाऱ्याने स्वयंपाकघरातली छोटी सुरीच घ्यावी. स्टेनलेस पातं, प्लॅस्टिकची मूठ, साडेतीन ते चार इंच लांबी. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत किंवा दादरच्या बाजारात ती शंभर ते अडीचशे रुपयांत मिळते. वजन नगण्य, हरवली तर हळहळ नाही, आणि पोलिसाने सॅक उघडली तरी ती दिसते तशीच असते: भाजीची सुरी. दातेरी धारेची घेतली तर टोमॅटो आणि नायलॉनची दोरी दोन्ही झकास कापते. फक्त सपाट दगडावर तिला धार लावता येत नाही. बोथट झाली की नवी घ्यायची.

या सुरीला म्यान नसतं, आणि सॅकमध्ये उघडी सुरी म्हणजे फाटलेला रेनकोट किंवा कापलेलं बोट. जाड पुठ्ठ्याची पात्यापेक्षा सेंटीमीटरभर लांब पट्टी घ्या, मधोमध दुमडा आणि धारेच्या बाजूने आत पुठ्ठ्याची आणखी एक अरुंद पट्टी घाला. धार तिच्यावर टेकते, त्यामुळे म्यानाची कड कापून बाहेर येत नाही. वरून रुंद चिकटपट्टीचे दोन थर द्या. बाहेरून रबरबँड. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो तेव्हा हेच काम जुन्या प्लॅस्टिक फाइलच्या कव्हरने करा.

थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर दोन नावं डोळे मिटून सुचवता येतात. स्वीडनची मोरा कंपनी 'कंपॅनियन' नावाची सुरी बनवते: स्थिर पातं, साधारण १० सेंमी लांब, अडीच मिलिमीटर जाड, रबरी पकडीची मूठ आणि सोबत प्लॅस्टिकचं म्यान. ओल्या हातातून ती निसटत नाही आणि म्यान पाण्याने कुजत नाही, म्हणजे कोकणच्या पावसाला साजेशी. दुसरी फ्रान्सची ओपिनेल, आकार ८: साडेआठ सेंमीचं घडीचं पातं, लाकडी मूठ, आणि पातं उघडं किंवा बंद पक्कं करणारी फिरती कडी. ती खिशाला हलकी आणि भाजी-फळांना अप्रतिम आहे, पण लाकडी मूठ जुलैच्या दमटपणात फुगते आणि पातं उघडेनासं होतं. उन्हाळ्यातच सांध्यात पेट्रोलियम जेलीचा थेंब सोडून पातं दहा-पंधरा वेळा उघडझाप केलं की हा त्रास बराच कमी होतो. अडकलीच तर जोर लावून नखं मोडू नका, आधी मूठ वाळू द्या.

स्विस चाकूंपैकी ९१ मिलिमीटरचे, कात्री असलेले मॉडेल ट्रेकला जास्त उपयोगी पडतात. रस्त्यावरच्या स्टॉलवर लाल मुठीच्या नकला ढिगाने मिळतात. अस्सल चाकूत मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं असतं, प्रत्येक अवजार उघडताना-मिटताना ठोस 'टक' होतं आणि कात्री कागद न चिमटता कापते. नकलेत अवजारं डगमगतात, कात्रीची स्प्रिंग आठवड्यात उडते, आणि अर्धी अवजारं नख मोडेपर्यंत उघडत नाहीत.

बटण दाबून फटकन उघडणारा चाकू, ज्याला आपल्याकडे 'रामपुरी' म्हणतात, तो घेऊच नका. स्वस्तातल्या त्याची स्प्रिंग सॅकमध्ये आपोआप उघडू शकते, आणि नुसत्या नावानेच पोलिसाची भुवई वर जाते. मोठं काही तोडायची वेळ आलीच तर पायथ्याच्या गावात घरोघरी कोयता असतो आणि वाटाड्याच्या कमरेच्या आकडीत तो लटकत असतो. तो हात आणि ते अवजार दोन्ही सरावाचे असतात. शहरातून कोयता नेण्यात अर्थ नाही.

दुकानात सुरी कशी पारखायची

स्थिर पात्याच्या सुरीत आधी बघायचं ते पात्याचं पोलाद मुठीत कुठवर गेलंय. मुठीच्या दोन्ही कडांनी पोलादाची रेघ शेवटपर्यंत दिसली तर उत्तम. मोल्डेड मुठीत ते दिसत नाही, म्हणून मूठ घट्ट धरून पात्याची बाजू टेबलाच्या लाकडी कडेवर हलकी दाबा. मुळाशी करकर झाली किंवा फट उघडली तर परत ठेवा. पोकळ मुठीच्या 'जंगल' सुऱ्या नेमक्या इथेच तुटतात: पातं आणि मूठ एका बारीक खिळ्याने किंवा नटाने जोडलेली असतात आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो.

घडीच्या चाकूत पातं उघडून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. थोडीशी डावी-उजवी हालचाल स्क्रू आवळून जाते, वर-खाली हालचाल जात नाही. मग लॉक लावून पात्याची पाठ लाकडावर दोन-तीनदा हळू आपटा. बोटं मिटण्याच्या वाटेत नकोत. लॉक सुटला तर तो चाकू एखाद दिवशी तुमच्या बोटांवर मिटणार.

नंतर डोळ्यांसमोर धार आडवी धरून दिव्याकडे बघा. धारेवर चकाकणारे ठिपके दिसले तर तिथे ती बोथट किंवा तुटकी आहे. टोकाकडून बघितल्यावर पातं एका बाजूला वळलेलं दिसलं तर घासून ते कधीच नीट होणार नाही. पाठीचे दात म्हणजे शोभा: त्यांनी लाकूड कापलं जात नाही, आणि पाठीवर अंगठा ठेवून दाब द्यायची सोय मात्र जाते. हजार रुपयांच्या आतल्या 'दमास्कस' (म्हणजे थरावर थर जोडून घडवलेल्या) पात्यावरच्या लाटा बहुतेक वेळा लेझरने किंवा आम्लाने कोरलेल्या असतात.

पोलादाची गंमत थोडी समजून घेतली तर पैसे वाचतात. पोलाद स्टेनलेस ठरायला त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. मोराच्या स्टेनलेस सुऱ्यांत वापरतात ते १२सी२७ पोलाद साडेतेरा टक्के क्रोमियमचं आहे, त्यामुळे गंज कमी आणि धारही बऱ्यापैकी टिकते. कार्बन स्टील दगडावर दोन मिनिटांत वस्तऱ्यासारखं होतं, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत एका रात्रीत लाल ठिपके धरतं. घेतलंच तर लिंबू किंवा कांदा चिरल्यावर लगेच पुसा आणि घरी खोबरेलाचा पुसटसा हात द्या. अलीकडे स्वस्तात मिळणारं डी२ पोलाद स्टेनलेस समजून घेतलं जातं. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, त्यामुळे ओलं राहिलं की तेही गंजतं, आणि घरच्या साध्या दगडावर त्याला धार लावणं जिकिरीचं आहे. पाकिटावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा '४४०' लिहिलं असेल तर ते मऊ पोलाद समजून चाला. मऊ पोलाद वाईट नाही. धार लवकर जाते आणि लवकर येते.

धार

नव्या स्वस्त सुरीची धार बहुधा अर्धवटच असते. सायकलच्या चाकावर धार लावून देणारे गल्लीत येतात, ते कात्रीला ठीक. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ पात्याची कड इतकी तापते की पोलादाचं पाणी उतरतं. धारेजवळ निळसर-तपकिरी झाक आली की समजा तेवढा भाग मऊ पडला, आणि पुढे तिथली धार दोन भाज्याही टिकत नाही.

नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत कार्बोरंडमचा दुहेरी दगड दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो, एक बाजू जाड आणि एक बारीक. सहा इंचांपेक्षा छोटा घेऊ नका. ओट्यावर ओलं फडकं पसरून त्यावर दगड ठेवा म्हणजे सरकत नाही. पाणी शिंपडा. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ उचला: २ सेंमी रुंद पात्याला साधारण ७ मिलिमीटर, अडीच सेंमीच्या पात्याला ८-९ मिलिमीटर. हा झाला सुमारे २० अंशांचा कोन. दगडावरून पातळ काप काढल्यासारखी धार पुढे ठेवून मुळापासून टोकापर्यंत ओढा. कोन बदलू द्यायचा नाही, नव्याचं सगळं चुकतं ते इथे. दुसऱ्या बाजूच्या कडेला बोट आडवं फिरवल्यावर (धारेच्या दिशेने कधीच नाही) खरखरीत पदर जाणवेपर्यंत एकच बाजू घासा. पदर टोकापर्यंत आला की पातं उलटा आणि तितकंच करा. मग दगडाची बारीक बाजू, निम्मा दाब, एकेक फेरी आलटून पालटून, दहा-बारा वेळा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पाठीकडून ओढा.

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून ओढली आणि साल दाबली न जाता कापली गेली, की झालं. मोराचं पातं वेगळं आहे: धारेच्या वरचा रुंद उतार अख्खा दगडावर सपाट टेकवून घासायचा, कोन आपोआप मिळतो.

चामड्याच्या म्यानात सुरी घरी ठेवू नका. चामडं ओल धरून बसतं, आणि ऑगस्टमध्ये काढाल तेव्हा पात्यावर म्यानाच्या शिवणीचा नकाशा उमटलेला असतो.

उजेड

एक हेडटॉर्च (कपाळाला बांधायचा), दीडशे ते दोनशे ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), सहाशे ते आठशे रुपयांत. हातातला टॉर्च किंवा मोबाइल त्याची बरोबरी करू शकत नाही, कारण कातळावर उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांपासून बचावाची खूण आयपीएक्स४ किंवा त्यावरची असावी. बटण कडक असावं किंवा लॉकची सोय असावी, नाहीतर तो सॅकमध्ये दाबला जाऊन नेमका हवा तेव्हा मेलेला निघतो. सेलवाला टॉर्च असेल तर प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवा.

तीनशे रुपयांच्या टॉर्चवर 'दहा हजार ल्युमेन' लिहिलेलं असतं ते थापच. तसंच आतला १८६५० आकाराचा सेल ९९०० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) असल्याचा दावा. त्या आकाराचे चांगले सेल साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतात. असे सेल लवकर उतरतात आणि काही चार्जिंगला तापतात. लोहार चाळीत घेत असाल तर दुकानातच पूर्ण उजेडावर पाच मिनिटं चालू ठेवून हात लावून बघा. निघण्याआधी घरी एकदा रात्रभर मध्यम उजेडावर लावून किती तास टिकतो हेही मोजा. डब्यावरचा आकडा आणि हा आकडा क्वचितच जुळतात.

आडोसा

पावसाळ्यात वीस अंशांतही माणूस गारठून पडतो. ओले कपडे आणि पठारावरचा वारा एवढं पुरतं. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, ८ बाय ६ फूट, हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. घेताना जीएसएमचा आकडा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) विचारा: ९० जीएसएमची साधारण ४०० ग्रॅम भरते, २०० जीएसएमची ९०० ग्रॅमच्या जवळ. पाठीवर वाहायची असेल तर पहिली घ्या. कडेच्या धातूच्या कड्या बोटाने ओढून बघा. कडेला आत दोरी शिवलेली नसेल तर पहिल्याच वाऱ्यात कड्या उपटून येतात. तसं झालं तर कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा, कडीपेक्षाही ते घट्ट बसतं.

बांधताना वाऱ्याकडची कड जमिनीलगत हवी. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. कोरडा दिसणारा ओढा आणि पठारावरचं एकटं झाड, या दोन जागा टाळा.

चंदेरी मायलर ब्लँकेट शंभरेक रुपयांत येतं आणि पन्नास-साठ ग्रॅमचं असतं. ते ऊब तयार करत नाही, फक्त शरीराची परत फेकतं आणि वारा अडवतं. त्यामुळे आधी ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, सॅकवर किंवा दोरीच्या वेटोळ्यावर बसायचं (थंड कातळ पार्श्वभागातून ऊब ओढून घेतो) आणि मग ते गुंडाळायचं. एकदा कुठे चीर गेली की सरळ रेषेत फाटत जातं, म्हणून एका गटात दोन ठेवा.

दोरी

पॅराकॉर्ड म्हणून विकली जाते ती ४ मिलिमीटरची, पंधरा मीटर पुरे. चांगल्या '५५०' पॅराकॉर्डमध्ये सात धागे असतात आणि ती २५० किलोच्या आसपास ताण सहन करते. टोक कापून आतले धागे मोजा. आत नुसता पांढरा कापूस निघाला तर ती पॅकिंगची दोरी आहे. पिवळी-हिरवी पॉलिप्रॉपिलिनची दोरी स्वस्त असते, पण गाठ सरकते आणि उन्हात वर्षभरात भुगा होतो.

यातल्या कुठल्याही दोरीवर माणसाने लटकायचं नाही. कातळटप्प्यासाठी गिर्यारोहणाचा प्रमाणित दोर, हार्नेस आणि तो वापरता येणारा माणूस लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला जाडजूड दोर त्याला पर्याय नाही. झटका बसला की तो ताणून जोर शोषत नाही.

आग

आधी नियम: अभयारण्यात आग लावायला मनाई आहे, आणि डिसेंबर ते मे सगळं गवत पेटायला टपलेलं असतं. गुहेत किंवा कड्याखाली धूर करण्याआधी वर आग्यामोहोळ आहे का बघा. गॅसचा डबा, रॉकेल, पेट्रोल रेल्वेने नेणं गुन्हा आहे.

अडीअडचणीसाठी दोन साधे, चाकवाले लायटर दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या पुड्यांत ठेवा. बटणाच्या ठिणगीवर चालणारे दमटपणात दगा देतात. चाकाचा लायटर भिजला तरी फुंकून, पँटवर चाक फिरवून वाळवला की पेटतो. फेरो रॉड (घासून ठिणग्या पाडायची कांडी) घ्यायला हरकत नाही, पण सुरीची पाठ काटकोनी नसेल तर ठिणग्या पडत नाहीत, आणि ओल्या गवतावर ठिणगी पडून उपयोग नसतो. खरी गरज असते ती पेट धरणाऱ्या वस्तूची. देवघरातला कापूर इथे कामाला येतो, ओल्यातही पेटतो. फक्त उघडा ठेवला की उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या पाऊस चालू असतानाही चार-पाच मिनिटं जळतात. धूर काळा आणि घाण येतो, त्यामुळे बंद गुहेत नकोच.

पाणी

ऑक्टोबर ते मे माणशी तीन लिटर तरी घेऊनच चढायला लागा. उन्हाळ्यात चार. गडावरच्या टाक्यांचं पाणी कपड्याच्या चार घड्यांतून गाळून क्लोरीनचे थेंब किंवा गोळी घाला आणि निदान अर्धा तास थांबा. मात्रा प्रत्येक पाकिटाची वेगळी असते, ती आधीच बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच खर्च होतं, म्हणून गाळणं टाळून नुसती गोळी टाकली तर पोट बिघडतं. उकळत असाल तर खळखळून एक मिनिट पुरतं. कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच आहे, जास्त वेळ लागतो तो २००० मीटरच्या वर. बाटली आगीवर ठेवायची असेल तर ती एका पत्र्याची स्टीलची हवी. गरम-थंड ठेवणारी दुहेरी भिंतीची बाटली आगीवर फुटू शकते.

ओआरएसची एक लिटरची चार पाकिटं ठेवा आणि प्रत्येक पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या बाटलीत दाट करून पिणं अपायकारक आहे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

प्रथमोपचार आणि हाक

तयार 'सर्व्हायव्हल किट'मध्ये वीस छोटे प्लास्टर आणि एक ब्लेड असतं. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून ४ इंची आणि ६ इंची क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉझ, कागदी चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनचं मलम आणि स्वतःची नेहमीची औषधं घ्या. पाण्याच्या बाटलीभोवती रुंद कापडी चिकटपट्टीचे आठ-दहा वेढे मारून ठेवा. बुटाचा तळ निघाला, सॅकचा पट्टा तुटला, ताडपत्री फाटली, तिन्हीवर चालते.

काही किटांत सर्पदंशासाठी ब्लेड आणि चूषक असतो. तो वापरू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कशाचाही दंश असो, जखमेवर चीर देऊन किंवा चोखून विष निघत नाही, उलट रक्तस्राव वाढतो. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यामुळे तो चिरा जास्तच धोक्याचा. घट्ट दोरीही बांधायची नाही. अंगठ्या आणि घड्याळ काढा, दंशाचा अवयव फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे उचलून न्या.

मटारासारखी गोळी नसलेली शिट्टी सॅकच्या छातीच्या पट्ट्याला बांधा, आत ठेवलेली शिट्टी पडल्यावर सापडत नाही. डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत असा: मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर तुमची हाक पोचली. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक पाठ असतातच. त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक आणि पायथ्याच्या गावातल्या ज्याच्याकडे जेवायचं ठरलंय त्याचा क्रमांक कागदावर लिहून न्या. मोबाइल बंद पडला तर कागद वाचता येतो.

होकायंत्र घ्यायचं तर पारदर्शक पट्टीवरचं, द्रवाने भरलेलं. सुरीच्या मुठीतलं गोल बटणाएवढं शेजारच्या पोलादाकडेच ओढलं जातं. वापरताना मोबाइल, सुरी आणि टॉर्च हातभर लांब ठेवा. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे नकाशावर दुरुस्ती करायची गरज पडत नाही.

सगळ्याचा हिशेब साधारण असा बसतो: सुरी २००, दगड २००, हेडटॉर्च ७००, ताडपत्री ३५०, दोन मायलर २००, दोरी २००, लायटर आणि कापूर ५०, प्रथमोपचार ३५०, क्लोरीन आणि ओआरएस १५०, शिट्टी १००. अडीच हजार झाले. भाव दुकानागणिक हलतात. उरलेल्या पाचशेत होकायंत्र, किंवा ते नको असेल तर टॉर्चचे जादा सेल आणि सॅकच्या आत घालायची जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून गळतं, आतली पिशवी गळत नाही.

परतल्यावर त्याच रात्री सेल टॉर्चमधून बाहेर काढा, ताडपत्री पंख्याखाली पसरा आणि सुरी म्यानाबाहेर ठेवून द्या. आतून ओलं म्यान उलटं टांगलं की दुसऱ्या दिवशी कोरडं होतं.